शालिकच्या रिळाचं हँडल

त्या रविवारी सकाळी मी कणीक मळत होतो. पोळ्यांची नव्हे, माशांची. कणकेत शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, आणि चिमूटभर हळद घालून घट्ट मळायची, बोराएवढ्या गोळ्या करायच्या आणि गळाला लावायच्या, हा आमचा दर रविवारचा उद्योग. साडेसातला शालिकच्या घरासमोर मोटारसायकल उभी करून दोनदा हॉर्न वाजवला की तो खांद्याला पिशवी आणि हातात रॉड घेऊन बाहेर यायचा. त्या दिवशी सव्वासातलाच फोन वाजला. शालिकचा मुलगा अमोल बोलत होता. "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "गेला? माझ्याआधीच धरणावर गेला?" पलीकडे पोरगं नुसतं हुंदके देत राहिलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. पहाटे छातीत कळ आली, वाशीमला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हाताची कणीक वाळून तडकली तरी मी ओट्याशी तसाच उभा होतो.

याला आता महिना झाला. गेलेल्या माणसावर लिहायचं तर हात जोडून, आवाज खाली करून लिहावं अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी दुःखात आहेच, पण त्याहून जास्त रागात आहे, आणि हा राग कागदावर उतरवल्याशिवाय मला झोप लागायची नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावं. नाही केलं तरी चालेल.

शालिक म्हणजे आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडमागे एवढ्याशा गाळ्यात चाळीस वर्षं मशीन चालवणारा शिंपी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर म्हणून इथे बदलून आलो तेव्हा पहिला शर्ट त्याच्याकडे टाकला आणि निवृत्त झालो तरी दुसऱ्या कुणाचा टाका माझ्या अंगावर चढला नाही. माणूस बोलायचा मोजकं, पण बोलेल ते नेमकं. एकदा मी तक्रार केली, "शालिक, हा शर्ट पोटावर घट्ट होऊन राह्यला रे." तर मान वरही न करता म्हणाला, "गुरुजी, शर्ट तेवढाच हाय. तुमीच सैल होऊन राह्यले." पोहरादेवीच्या यात्रेआधी त्याच्याकडे झेंड्यांच्या कापडाचा ढीग पडायचा. तेवढे दिवस आमचे मासे सुखात. एरवी रविवार म्हणजे धरण, पाळूच्या, म्हणजे बांधाच्या, टोकाशी असलेली बाभळ, बसायला दोन दगड आणि त्याच्या बायकोनं, वत्सला वहिनींनी, बांधून दिलेला डबा.

आता फ्लेक्सचं सांगतो. तेरवीच्या आदल्या दिवशी चौकात शालिकचा फ्लेक्स लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'समस्त मित्रपरिवार'. त्यावरचा फोटो मीच पाठवला होता. शालिकनं मोठा कटला काढला तेव्हा माझ्याच मोबाइलवर काढलेला. पायाशी मासा, डाव्या हातात रॉड, उजवा हात दोरा गुंडाळायच्या रिळाच्या हँडलवर आणि तोंडभर हसू. मोटारसायकल बंद न करताच मी फ्लेक्सकडे पाहत राहिलो. शालिकच होता, पण काहीतरी खटकत होतं. हसू तेच, टोपी तीच... आणि मग दिसलं. रॉड उजव्या हातात होता. हँडल डावीकडे गेलं होतं. मला वाटलं माझाच चष्मा बिघडला. तेवढ्यात नजर शर्टावर गेली. शालिकच्या शर्टाचा खिसा उजवीकडे! ज्या माणसानं चाळीस वर्षं उभ्या तालुक्याच्या छातीवर डावीकडे खिसा बसवला, त्या शिंप्याचा स्वतःचा खिसा उजवीकडे! आणि खालून शेकडो लोक जाऊन येऊन राह्यले, हात जोडून राह्यले, पण एकालाही दिसू नये? अरे, डोळे आहेत की गुंड्या?

तसाच फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो बिचारा थंडपणे म्हणाला, "गुरुजी, मानसाचं तोंड मधात पाह्यजे. उजवीकडं मजकूर हाय अन् काका पाहून राह्यले बाहेर, रस्त्याकडं. म्हून फोटो फिरोला. एका क्लिकचं काम."

"एका क्लिकचं! अरे, तो डाव्या हाताचा माणूस होता. तू त्याले उजवा करून टाकला."

"मंग काय झालं? मानूस तं तोच हाय ना? उलट आता बरा दिसून राह्यला. सरळ."

सरळ! हा शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. मी त्याच्या टेबलावर हात आपटला, आजूबाजूचे चार लोक जमले, मला पाणी पाजलं. त्यांना वाटलं मित्राच्या जाण्यानं मास्तर हलले. खरी गोष्ट अशी की तो 'सरळ' शब्द फ्लेक्सवाल्याचा नव्हताच. तो माझा होता. मी तो शालिकला वर्षानुवर्षं ऐकवला होता.

मी निवृत्त होईपर्यंत आम्ही बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेऊन मासे धरायचो. निवृत्तीनंतर हातात वेळ आणि मोबाइल दोन्ही आले. मग काय विचारता, मोबाइलवर पाहून पाहून मी मासेमारीतला पंडितच झालो. दोन रॉड, दोन रिळं मागवली, एकसारखी, एक माझं एक त्याचं. दोन्हींचं हँडल डावीकडे. त्यामागचा नियम मी शालिकला दुकानात बसून, खडूनं त्याच्या कापण्याच्या टेबलावर चित्र काढून समजावला होता. जोरकस हातात रॉड धरायचा आणि दुसऱ्या हातानं रीळ फिरवायचं. मासा ओढतो तेव्हा झुंजायचं काम रॉडच्या हाताचं, गुंडाळायचं काम हलकं. उजव्यानं फेकायचं आणि मग रीळ उजव्यानं फिरवता यावं म्हणून रॉड डाव्यात घ्यायचा, अशी अदलाबदल केली की तेवढ्यात दोरा ढिला पडतो आणि मासा सटकतो. म्हणून रॉड उजव्यात, हँडल डावीकडे. इति गुरुजी. शालिकनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं." तो मला गुरुजी म्हणायचा, आणि माझी अक्कल बघा, मी खरंच त्याच्याशी गुरुजीपणा करायचो.

शालिकचं रीळ काही जमेना. उजव्या हातानं फेकलेला त्याचा गळ एकतर चार पावलांवर पडायचा नाहीतर बाभळीत. डाव्या हातानं हँडल फिरवताना दोरा अडखळायचा. मग माझी पाठ वळली की तो हळूच रॉड डाव्या हातात घ्यायचा. पण मग हँडल पडायचं नको त्या बाजूला. म्हणून त्यानं एक शक्कल काढली होती. रॉड उलटा करून रीळ वरच्या बाजूला घ्यायचं, म्हणजे हँडल आपोआप उजवीकडे येतं, आणि ते उलटं फिरवत बसायचं. दिसायला इतकं विचित्र दिसायचं की बाजूचे लोक हसायचे. आमचा धरणावर येणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात त्याचं नाव पडलं 'उलटा टेलर'. मला लाज वाटायची. त्याची नव्हे, माझी. माझा चेला आणि असा! मी ओरडायचो, "शालिक, रीळ डोक्यावर कायले घेतलं? सरळ धर!" तो रॉड फिरवून घ्यायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, माशाले काय समजते, कोन कोन्या हातानं ओढून राह्यला थे?" यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं, "माशाले नाही समजत, पण पाहणाऱ्याले समजते." किती हुशार वाटायचो मी स्वतःला!

असं एक नाही, तीन वर्षं चाललं. मग एका रविवारी त्याच्या गळाला मोठा मासा लागला. रॉड कमानीसारखा वाकला. शालिक उजव्या हातानं झुंजत होता, मनगट थरथरत होतं. ऐन रंगात त्यानं रॉड डाव्या हातात घेतला, आणि रॉड एकदम स्थिर झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहूनही ओरडलो, "हात बदलू नको! सरळ धर!" चाळीस वर्षांची सवय, गुरुजी म्हणतील ते ऐकायचं. त्यानं रॉड परत उजव्यात घेतला. तेवढ्यात दोरा ढिला पडला आणि मासा गेला. मीच टाळायला सांगितलेली अदलाबदल मीच करायला लावली. शालिक दगडावर बसला. डावा हात माझ्यापुढे धरून म्हणाला, "गुरुजी, हा हात माह्या बापानं बांधला होता."

मला कळेना. तो सांगू लागला. लहानपणी तो सगळं डाव्यानं करायचा. बापही शिंपीच. जेवायला बसलं की बाप कापडाच्या पट्टीनं पोराचा डावा हात पाठीशी बांधायचा. घास उजव्यानं घेतला तर पट्टी सुटायची, नाहीतर ताट उचललं जायचं. "बाप म्हने, डाव्यानं कैची धरशीन तं कापड चावते, कापत नाही. अन् डाव्या हातानं माप घेनाऱ्या शिंप्याकडं कोनतं गिऱ्हाईक येते? त्याचंबी चुकलं असं नाही म्हनत मी. कैच्याच उजव्या हाताच्या भेटे." मग शाळेत पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं की पट्टी बसायची. असं करत करत जेवण, लिहिणं, कैची सगळं उजव्यावर आलं. "पन गुरुजी, गोटा मारतो तं मी डाव्यानंच. त्याले कोन बांधन?" असं म्हणून त्यानं बसल्या जागेवरून डाव्या हातानं एक खडा फेकला. तो पार तलावाच्या मधात जाऊन पडला.

यावर कुणीही शहाणा माणूस उठून म्हणाला असता, शालिक, चुकलं माझं. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "झालं ते झालं. आता या वयात कायले सवयी बदलतो?" म्हणजे त्यानं बदलू नये! आणि मी का गप्प झालो नाही तेही सांगून टाकतो, आता लपवून काय करायचं. त्याच्या शाळेतली ती पट्टी ऐकताना मला माझ्या टेबलावरची पट्टी दिसत होती. नोकरीत किती लेकरांचे डावे हात मी 'सरळ' केले असतील? मला वाटायचं, मी संस्कार करून राह्यलो. कसले संस्कार? धडधाकट हाताले शिक्षा!

पुढच्या रविवारी शालिक आला तोच रिळाचं हँडल उजवीकडे बसवून. मी म्हटलं, "हे काय केलं?" तो म्हणाला, "इकडं एक टोपन होतं गुरुजी. तीन वर्सं पाहून राह्यलो. मशीनवर असं टोपन कंपनी उगाच नाही देत. काल दुकान बंद केल्यावर उघडलं. हँडल इकडून काहाडलं, तिकडं बसोलं, टोपन या बाजूले लावलं. झालं." दोन मिनिटांचं काम! रिळावर सोयच होती, कोणत्याही बाजूला लावा. मी पंडित, मी मोबाइल पाहून पाहून डोळे फोडून घेतलेले, मला तीन वर्षांत ते टोपण दिसलं नाही. कारण मला बघायचंच नव्हतं. आणि एवढं होऊन मी म्हणालोच, "पाहा बाप्पा, रिळातल्या चाकाचे दात घासले तर मले सांगू नको." काही घासलं नाही. त्यानं रॉड डाव्या हातात धरला आणि गळ फेकला. दोरा सुंई करून सुटला, बाभळीवरून, आमच्या नेहमीच्या जागेच्या कितीतरी पुढे. शालिक हसला. साठीच्या माणसाला असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मागच्या सीटवर बसून तो गुणगुणत होता.

माझा नियम बरोबरच होता हो. जोरकस हातात रॉड. फक्त जोरकस हात कोणता, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

असं त्याला एक वर्ष मिळालं. साठ वर्षांत एक. त्याच वर्षात तो कटला आला, तो फोटो आला, आणि तोच फोटो त्या फ्लेक्सवाल्यानं एका क्लिकमध्ये उलटवला. आता कळलं का, मी टेबलावर हात काहून आपटला? ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो फिरला, तर खाली एका दीडशहाण्यानं लिहिलं, 'काकांचा रॉड शेवटी सरळ झाला', आणि पुढे हात जोडल्याच्या खुणा. बाकीच्यांनीही हात जोडले. मी लिहिलं, 'फोटो उलटा आहे, शर्टाचा खिसा पाहा.' कुणी पाहिला नाही. नवा फ्लेक्स लावा म्हणून अमोलला गाठलं. तो म्हणाला, "काका, उद्या तेरवी हाय. पाहुने येऊन राह्यले, मंडप बाकी हाय. राहू द्या ना आता." त्याचंही खरंच होतं. पण मला राहवेना.

तेरवीला त्याच फ्लेक्सखाली माईक लागला. एक पुढारी उठले. शालिकला ते कितपत ओळखत होते देव जाणे. म्हणाले, "शालिकभाऊनं लोकायची लय सेवा केली. पन या हाताचं त्या हाताले कधी कळू देलं नाही." मी ताडकन उभा राहिलो. "साहेब, कळू देलं नाही असं नाही! त्या हाताले आपण बोलूच देलं नाही! वर पाहा, मेल्यावरबी नाही!" दोघांनी मला धरून बाहेर नेलं, चहा दिला. "गुरुजी, शांत व्हा. जवळचा माणूस गेला का होते असं." फ्लेक्स दहा दिवस तसाच राहिला. कुठल्याशा वाढदिवसाचा नवा आला तेव्हा निघाला.

मी वाशीमला गेलो. मूळ फोटो मोठा करून घेतला, आणि दुकानदाराला तीनदा बजावलं की खिसा डावीकडेच आला पाहिजे. तो माझ्याकडे बघतच राहिला. फ्रेम घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला, आधी खिशावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे हायत ते. मले त्या दिवशीच दिसलं होतं भाऊजी. खिसा तिकडं कसा गेला म्हनलं. पन त्या गडबडीत बाईमानसाचं कोन आयकते?"

म्हणजे त्या गर्दीत दिसलं होतं एकीला. मी म्हटलं, "वहिनी, मी त्याले लय तरास देला. तीन वर्षं." त्या म्हणाल्या, "त्यायले नाही वाटे तसं. घरी येऊन हसे. गुरुजी लय बोलले म्हने आज." मग म्हणाल्या, "एक सांगू का? घरी आमी दोघंच असलो ना, का ते डाव्यानंच जेवत. लगन झालं तवापासून. दार लोटून घेत, अन् मंग बसत. कोनी हाक मारली का हात बदलत."

दर रविवारी बाभळीखाली, एकाच डब्यातून आम्ही जेवलो. किती रविवार? आणि माझ्यासमोर त्यानं एकदाही... माझ्यासमोर तो कायम उजव्यानंच जेवला. मी त्याचा जिवलग म्हणून सगळीकडे मिरवतो, आणि त्याच्या लेखी मी दाराबाहेरचाच. हाक मारणाऱ्यांतला. कुणावर चिडू सांगा आता?

निघताना वहिनींनी कोपऱ्यातला रॉड आणून माझ्या हातात दिला. "अमोल काही धरनावर जात नाही. तुमी न्या. पन तुमच्या हाताचं नाही थे, हँडल तुमाले इकडून तिकडं करा लागन." मी म्हटलं, "नाही वहिनी, हँडल तिथंच राहीन."

गेल्या रविवारी एकटाच धरणावर गेलो. शालिकचा रॉड डाव्या हातात धरला, हँडल उजवीकडे. माझा डावा हात म्हणजे निव्वळ पाहुणा, साधं पाणीही नीट ओतता येत नाही त्याला. पहिला गळ बाभळीत. दुसरा माझ्याच शर्टात. तिसरा कसाबसा पाण्यात पडला, चार पावलांवर. मनगट दुखायला लागलं, दोऱ्याचा गुंता झाला आणि मी स्वतःलाच शिव्या घालत तो सोडवत बसलो. तीन वर्षं त्याचं असंच होत असेल, आणि वर माझं ओरडणं. ग्रुपमधला एक जण मागून आला. थोडा वेळ पाहत उभा राहिला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्या जाणकारानं असं धरावं? हँडल उलट्या बाजूले हाय. द्या इकडं, दोन मिनिटांत सरळ करून देतो."

मी रॉड छातीशी धरला. "राहू दे," मी म्हटलं, "माशाले काय समजते, कोण कोण्या हातानं ओढून राह्यला ते?"

तो हसला आणि पुढे निघून गेला. मी गोळी लावली आणि रॉड परत डाव्या हातात घेतला.